डुलकी

माझ्या आठवणींतलं हे प्रकरण एकदा लिहून झालेलं आहे. नातीनं ते टाइप केलं, मुलानं त्याच्या पंधरा-वीस प्रती काढल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. बऱ्याच जणांचे फोन आले. आईच्या मासवडीबद्दल लिहिलेलं सगळ्यांना आवडलं. त्या प्रकरणात माळशेज घाटाबद्दल चार ओळी होत्या आणि त्यातली एक अशी होती : ‘परतीच्या वाटेवर दाजींना डुलकी लागली आणि टेम्पो उलटला.’ हे वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे मला लिहिताना माहीत होतं. तेवढं एक वाक्य काढून भागणार नाही, कारण ते खरं वाटावं म्हणून आजूबाजूचंही थोडं थोडं वाकवलेलं होतं. म्हणून सगळं पुन्हा लिहितो आहे.

आमचं घर चाकणच्या बाजाराला लागून होतं. आज ज्यांना चाकण म्हटलं की कंपन्यांची गेटं आणि कंटेनरच्या रांगा आठवतात त्यांना सांगून पटणार नाही, पण तेव्हा गावात मोठा आवाज एकच होता, तो कांद्याच्या लिलावाचा. बाजाराच्या दिवशी सकाळी आठ-नऊपासून अडत्यांचा ओरडा सुरू व्हायचा तो दुपारपर्यंत. बाकीच्या दिवशी पोती शिवणाऱ्या बायकांच्या दाभणांचा खरखर आवाज ऐकू यावा इतकी शांतता. घरात सगळीकडे कांद्याची साल. भाकरीच्या टोपल्यात, अंथरुणात, आईच्या केसांत. आई चिडायची आणि रोज झाडायची. तात्यांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, एक जुना ट्रक होता आणि पुढं त्यांनी तीन चाकांचा एक टेम्पो घेतला. पुढं एकच चाक आणि लांब नाक असलेला तो टेम्पो नव्या पोरांनी पाहिलेला नसेल. रिकामा असला की तो रस्त्यावर उड्या मारत चालायचा. तात्या त्याला ‘शिंगरू’ म्हणायचे. या दोन गाड्यांतून कांदा माळशेज उतरून कल्याणला जायचा आणि येताना रिकामी बारदानं आणि मुरबाडकडचा तांदूळ यायचा.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. ते पिंपरीला एका कारखान्यात लेथवर होते आणि चिंचवडला एका खोलीत राहायचे. चार वर्षं टेंपररी काढली होती आणि त्या पावसाळ्यानंतर कायम करणार असं साहेबांनी सांगितलं होतं. ‘पर्मनंट’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो त्यांच्या तोंडून. आईला तो नीट म्हणता यायचा नाही, ती ‘परमंट’ म्हणायची आणि देवापुढं दिवा लावताना तेवढा शब्द मोठ्यानं म्हणायची. अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी दाजी आमच्याकडे यायचे. नुसतं जावई म्हणून पाटावर बसून राहणं त्यांना जमायचं नाही. ते टेम्पो चालवायला घ्यायचे. गावातले लोक म्हणायचे, तात्यानं जावई नाही, डायवर केलाय. दाजी त्यावर म्हणायचे, “पगार न्हाई, पण मासवडी मिळती.”

मासवडीचं पुन्हा लिहितो, कारण त्यात खोटं काही नव्हतं. आई बेसनाचा गोळा शिजवून ओल्या फडक्यावर थापायची, त्यावर तीळ, खोबरं, कांदा, लसूण यांचं भाजलेलं सारण घालायची आणि फडकं उचलून त्याची वळकटी करायची. मग दोऱ्यानं वड्या कापायची. सुरीनं कापलेली तिला चालायची नाही. रश्श्याला असा तवंग असायचा की पहिला घास घेताना सगळे गप्प होत. दाजी मात्र त्या पहिल्या घासालाच काहीतरी बोलून सगळ्यांना ठसका लावायचे. आमच्या घरात तोपर्यंत जेवताना कुणी हसत नसे. तात्यांना ते आवडायचं नाही, पण तेही मिशीखाली हसायचे. मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला दाजी फार आवडायचे. हे सांगणं जरुरीचं आहे. पुढं मी जे केलं ते राग होता म्हणून केलं नाही.

ट्रक चालवायला मला तात्यांनी शिकवलं. सपाटीवर चालवणं ते शिकवणं मानतच नव्हते. “सरळ रस्त्याला म्हैस बी जाती,” म्हणायचे. घाटात कुठल्या वळणाच्या किती आधी गिअर उतरवायचा, वळणापूर्वी भोंगा कसा द्यायचा, समोरून उत्तर आलं नाही तर किती थांबायचं, चढणाऱ्याला आधी वाट का द्यायची, हे सगळं ते शेजारी बसून सांगायचे. आणि दगडाचं सांगायचे. जुन्या गाड्यांचे हातब्रेक नावाला असत. भरलेली गाडी चढावर थांबवावी लागली की मागच्या चाकाला मोठा दगड लावायचा, नाहीतर ती मागं सरकते. निघताना तो दगड काढायचा असतो, आणि काढणारा गाडीत एकटा असेल तर त्यालाच गाडी चालवायचीही असते. तात्यांची रीत अशी होती की गाडी चढवून पुढं पहिल्या सपाटीला न्यायची, तिथं उभी करायची, चालत मागं यायचं आणि दगड उचलून गटारात टाकायचा. पाऊस असो, उशीर असो. मी त्यांच्याबरोबर असताना हे काम माझं असायचं आणि मी कंटाळायचो. एकदा मी म्हणालो, “बाजूनं जात्याल की लोकं. दिसतोय की दगड.” तात्यांनी गाडी चालू करायचं थांबवलं. म्हणाले, “वळणाच्या मागून येणाऱ्याला काय दिसतंय? दगूड रस्त्यात ठिवून जाणारा डायवर न्हाई सुदाम, वैरी हाय.” मुलाच्या आताच्या गाडीत चढावर थांबलं तरी गाडी मागं सरकत नाही, तशी सोयच आहे तिच्यात. पहिल्यांदा त्या गाडीतून चढावर थांबलो तेव्हा मी सवयीनं दार उघडलं आणि सून म्हणाली, बाबा, कुठं उतरताय?

त्या दिवशी तात्यांना ताप होता. मी पहिल्यांदाच ट्रक एकटा नेणार होतो आणि टेम्पोला माणूस नव्हता. दाजी रात्रपाळी करून सकाळी थेट आमच्याकडे आले होते. आई म्हणाली, झोपा जरा. अक्का पोटावर हात ठेवून चुलीपाशी बसली होती, ती म्हणाली, “जावा ना तुमी त्याच्या संगं. येकटाच हाय त्यो. पयल्या खेपंला कुणीतरी पायजे.” दाजी म्हणाले, “मेव्हण्याला सांभाळायचं म्हंजे डबल ड्युटी. ह्याचा ओव्हरटाइम लागंल.” पण ते चहा पिऊन निघाले. अक्काचं हे वाक्य पुढं किती वेळा तिनं स्वतःला ऐकवलं असेल ते मला माहीत आहे, कारण तिनं मलाही ते शेकडो वेळा ऐकवलं.

जाताना काही झालं नाही. ओतूरला नाश्ता केला, घाट उतरताना मध्येच ढग रस्त्यावर आले होते म्हणून हळू उतरलो, कल्याणला माल उतरवला. दाजी पोत्यांवर तासभर आडवे झाले आणि घोरले. तेही मी पहिल्या वेळी लिहिलं नव्हतं. परतताना मुरबाडला चहा घेतला. तिथं दाजी म्हणाले, “मेव्हणं, घाटाच्या वर टपरी हाय. जो मागनं पोचंल त्यानं आठ दिस अक्काची भांडी घासायची. बाजाराच्या बायका बघत असत्याल त्या टायमाला. बोला.”

मी म्हणालो, “तुमचं शिंगरू काय चढतंय दाजी?”

“शिंगरू रिकामं हाय. तुमची म्हस तांदूळ खाऊन आलीया.”

टपरीवरचा माणूस हसला. मी चहा अर्धा टाकून ट्रकला किल्ली मारली. घाटाखाली टोकावड्याला थांबून रेडिएटरचं पाणी बघायचं असतं, तात्यांनी तापातही निघताना ते दोनदा सांगितलं होतं. मी थांबलो नाही.

घाटाचा माथा तीन-चार वळणांवर आला असताना ट्रक तापला. एका वळणाच्या पुढं, वळण संपतं न संपतं तोच, वाफ यायला लागली आणि मला गाडी उभी करावी लागली. डोंगराकडून पाणी वाहत होतं, तिथून डबा भरला. त्याआधी मागच्या चाकाला दगड लावला. चांगला मोठा, दोन्ही हातांनी उचलावा लागला इतका. झाकण गार होईपर्यंत थांबलो, पाणी ओतलं. ऊन होतं पण खालून ढग वर सरकत होते. तेवढ्यात खालून टेम्पोचा भोंगा ऐकू आला. त्याचा आवाज किनरा होता, हजार गाड्यांत ओळखू यायचा. दाजी प्रत्येक वळणाला तो दोनदा द्यायचे. मी उभा आहे हे त्यांनी बघितलं असतं तर पाणी न बघता घाट चढलो हे घरी कळलं असतं. तात्या काही बोलले नसते, फक्त पुढच्या खेपेला त्यांनी ट्रक मला दिला नसता. आणि भांडी होतीच. मी ट्रकमध्ये चढलो, गाडी रेटून वर काढली आणि निघालो. पुढं दोन वळणांवर थोडी सपाटी होती. तिथं थांबून मागं चालत यायला पाच मिनिटं लागली असती. मी थांबलो नाही. दगड आठवला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. आठवला होता. आरशात दिसलाही होता.

वर टपरीपाशी ट्रक लावला आणि उतरून कठड्याशी उभा राहिलो. खालून भोंगा येत होता. दोनदा, मग थोड्या वेळानं दोनदा. त्यानंतर आला नाही. मी टपरीवाल्याला चहा सांगितला. चहा आला तरी भोंगा आला नाही. मी कप तिथंच ठेवून खाली पळत गेलो.

टेम्पो वळणाच्या पुढं डोंगराच्या बाजूला गटारात आडवा पडला होता. एकच पुढचं चाक, ते दगडावर चढलं आणि वळलं, एवढं पुरतं त्याला. बारदानं रस्ताभर पसरली होती. दाजींचा आवाज येत होता, ते कण्हत होते आणि मधेच माझं नाव घेत होते. रस्त्याच्या मध्ये दगड पडला होता. पहिल्यांदा मी दगडाकडे गेलो. तो उचलला, कठड्यापाशी नेला आणि दरीत टाकला. तो खाली कुठं पोचल्याचा आवाज आला नाही, ढग होते. मग मी टेम्पोकडे गेलो.

ही दोन कामं मी या क्रमानं केली. हे प्रकरण पुन्हा लिहिण्याचं कारण इतकंच आहे.

दाजींचा उजवा पाय पॅडल आणि वाकलेला पत्रा यांच्यात अडकला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता पण ते शुद्धीवर होते. म्हणाले, “सुदाम, रस्त्यात कायतरी व्हतं रं. बघ जरा.”

मी म्हणालो, “काय न्हाई दाजी.”

“दगूड व्हता. मोठा.”

“न्हाई. मी बघितलं.”

तेवढ्यात खालून एक जीप आली. चार-पाच माणसं होती, त्यांनी पत्रा ओढून दाजींना बाहेर काढलं आणि जीपमध्ये घातलं. त्यातला एक जण रस्ता बघत म्हणाला, “रस्ता तर साफ हाय. काय झालं नेमकं?” मी म्हणालो, “रात्रपाळी करून आल्यात.” तो म्हणाला, “हां. मग डुलकी लागली असंल.” एवढंच. हा शब्द माझा नाही, पण त्याला जागा मी करून दिली. ओतूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो कायम झाला होता.

पाय वाचला, पण आखूड राहिला आणि गुडघ्यात वाकेना. लेथवर आठ तास उभं राहणं आता शक्य नव्हतं. पर्मनंटच्या यादीत त्यांचं नाव लागलं नाही. आईनं दिव्यापुढं तो शब्द म्हणायचं सोडलं. पुढं भोसरीला एका लहान वर्कशॉपच्या फाटकावर त्यांना काम मिळालं, ते त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. सुरुवातीचे काही महिने ते दगडाबद्दल सांगत. ऐकणारा मान हलवायचा आणि मग दुसरं काही बोलायचा. गॅरेजवाल्यानं तात्यांना दाखवलं होतं की टेम्पोच्या पुढच्या चाकाची रिंग एका जागी खोल चेपलीय. तात्या ती रिंग हातात घेऊन बराच वेळ बघत बसले. मग मला म्हणाले, “तू कुठं थांबला व्हतास का घाटात?” मी म्हणालो, न्हाई. त्यांनी रिंग खाली ठेवली. मला त्यांनी ट्रक पुन्हा दिला, पण त्यानंतर माझ्या शेजारी बसून ते कधी घाटात आले नाहीत. त्यांना कळलं होतं का, हे मला सांगता येणार नाही.

मग दाजी दगडाचं बोलायचे बंद झाले. गावातली माणसं टवाळी करायची. दाजी पारावर बसले की कुणीतरी म्हणायचंच, “काय पाव्हणं, जागं हाय न्हवं?” दाजी हसून म्हणायचे, “आत्ता हाय बाबा. नंतरचं सांगता येत न्हाई.” सगळे हसायचे, मीही हसायचो. दोन-तीन वर्षांनी मी त्यांना कुणालातरी सांगताना ऐकलं, “माझा डोळा लागला व्हता त्या दिवशी.” ते विनोदानं म्हणत नव्हते. त्यांना तसंच आठवायला लागलं होतं. तेव्हापासून ते बसल्या जागी मूल मांडीवर घेत नसत. विलास, त्यांचा थोरला, झोपेला आला की ते त्याला लगेच अक्काकडे द्यायचे, “घे, माझा डोळा लागायचा.” बसमध्ये जागा असली तरी आखूड पायावर उभे राहायचे. दुपारी आडवे होत नसत. अक्का म्हणायची, “मीच धाडलं व्हतं ना त्यास्नी.” मी तिला म्हणायचो, जाऊ दे अक्का, नशीब. मी दर दिवाळीला त्यांच्याकडे जात राहिलो, विलासच्या शिक्षणाला, लग्नाला सगळ्यांच्या पुढं राहिलो. लोक म्हणायचे, मेव्हणा असावा तर असा. ते ऐकून घेणं सगळ्यात सोपं होतं.

आता दाजी ऐंशीच्या पुढं आहेत. ते दोघं विलासकडे पिंपळे सौदागरला राहतात, सातव्या मजल्यावर. त्यांनाही माझ्या प्रकरणाची प्रत गेली होती. मागच्या महिन्यात दाजींचा फोन आला. म्हणाले, “चांगलं लिवलंयस. विलासनं वाचून दावलं. माझी डुलकी बी लिवलीस.” आणि हसले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा केली.

दाजी हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. विलास आणि सून कामावर गेले होते, अक्का आत भाजी निवडत होती. मी आधी कसं सांगायचं ते ठरवून गेलो होतो, पण बसल्यावर सरळच सांगितलं. रेडिएटर, दगड, आरसा, दरी. दाजींनी मधे एकदाही थांबवलं नाही. शिवी देतील, काठी उचलतील, असं मला वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर बरं, असंही वाटत होतं.

ते म्हणाले, “केवढा व्हता?”

मी दोन्ही हातांनी दाखवलं.

“तेवढाच,” ते म्हणाले. “आन वरनं चपटा. एका अंगाला वला.”

“व्हय दाजी. पाण्यातला उचलला व्हता.”

ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “म्हंजे मी जागा व्हतो.”

मी मान हलवली.

“जागा व्हतो मी.” मग त्यांनी मान वळवून मोठ्यानं हाक मारली, “अगं ऐकलंस का? मी जागा व्हतो!”

अक्का स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती. हातात मेथीची जुडी होती. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. ती दाजींच्या खुर्चीपाशी गेली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुदाम, तू जा आता.”

मी उठलो. चप्पल घालताना दाजी म्हणाले, “थांब. त्या पुस्तकात लिवलंयस ना डुलकी म्हणून? तितंच दुरुस्त कर. नुसतं तोंडी नगं.” मी बरं म्हणालो. माफी मागायची राहिली होती. ती मागायला मी तोंड उघडलं, पण दाजींनी तोवर फोन हातात घेतला होता आणि चष्मा वर करून नंबर शोधत होते.

लिफ्ट यायला वेळ लागला. दार कुणी लावून घेतलं नव्हतं. दाजींचा मोठा आवाज बाहेरपर्यंत येत होता. पलीकडे बहुतेक वर्कशॉपमधला त्यांचा कुणी जुना सोबती असावा, त्याला नीट ऐकू येत नसावं. दाजी त्याला परत परत सांगत होते, “न्हाई न्हाई, झोप न्हवती. दगूड व्हता, दगूड. मी बघितला व्हता त्यो. माझं डोळं उघडं व्हतं.”